पावसात गळणारी, अडकणारी खिडकी: सिलिकॉनची ट्यूब उघडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, बैठकीची खिडकी पश्चिमेकडे. ऍल्युमिनियमची स्लायडिंग, तीन ट्रॅक, दोन काचेची शटर आणि एक जाळीचं. जोराचा पाऊस आला की ट्रॅक भरून पाणी आतल्या कट्ट्यावर उतरतं, खालची भिंत पोपडे धरते. गेल्या वर्षी बाहेरून सगळीकडे सिलिकॉन मारून घेतलं, तर यंदा गळती वाढली. शटर जड झालंय, जाळी कोपऱ्यात सुटलीय. शिवाय गावच्या घराच्या सागवानी खिडक्या पावसाळ्यात लागतच नाहीत, त्यांचं काय करायचं?

सिलिकॉन मारल्यावर गळती वाढली, यातच अर्धं उत्तर आहे. स्लायडिंग खिडकी पाणबंद नसते, तशी ती बनवलेलीच नसते. शटर सरकायचं तर फट हवी, आणि फट आहे तिथून पाऊस ट्रॅकमध्ये येणारच. बनवणाऱ्याने हे धरूनच ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला भोकं ठेवलेली असतात, म्हणजे आलेलं पाणी परत बाहेर जाईल. बाहेरून घाईघाईत सिलिकॉनची पट्टी ओढणारा माणूस नेमकी हीच भोकं बुजवतो. मग ट्रॅकचा हौद होतो आणि तो भरला की पाण्याला घरात येण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. रोग रेड्याला, औषध पखालीला.

पाणी कुठून येतंय ते आधी पक्कं करा

गळती चार ठिकाणांहून होते आणि चारही वेळा पाणी दिसतं एकाच जागी, आतल्या कट्ट्यावर. म्हणून पावसाची वाट न बघता कोरड्या दिवशी तपासा. एक माणूस आत, कोरडं फडकं आणि टिश्यू पेपर घेऊन. दुसरा पाण्याचा पाइप घेऊन. सातव्या मजल्यावर बाहेर लोंबकळायचं नाही, शेजारच्या उघड्या शटरमधून हात पोचेल तेवढंच. नियम एकच: खालून सुरुवात, मग वर. वरून पाणी मारलं तर ते सगळीकडूनच वाहतं आणि काहीच कळत नाही.

पहिल्यांदा फक्त ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी ओता. चांगला ट्रॅक ते मिनिटाभरात बाहेर टाकतो, मागे नुसती ओल राहते. पाणी साचून राहिलं तर भोकं बंद आहेत. पाणी बाहेर न जाता कमी होत असेल आणि थोड्या वेळाने कट्ट्याच्या खाली भिंतीला ओल दिसली, तर ते ट्रॅकच्या तळातल्या स्क्रूंमधून किंवा कोपऱ्याच्या सांध्यातून चौकटीखाली उतरतंय. ही दुसरी शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही. चौकट कट्ट्यावर बसवताना कारागीर ट्रॅकच्या तळातून सरळ स्क्रू मारतो, म्हणजे जिथे पाणी साचणार तिथेच भोक पाडतो.

ट्रॅक निर्दोष निघाला की चौकट आणि ग्रॅनाइटमधल्या सांध्यावर दहा मिनिटं हळू धार सोडा. आधी खालचा सांधा, मग दोन्ही बाजूंचे, शेवटी वरचा. प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं खरोखर द्या, कारण प्लास्टरच्या मागून फिरून यायला पाण्याला वेळ लागतो. इथवर काही आलं नाही तर दोष खिडकीत नाही, वरच्या छज्ज्यात किंवा बाहेरच्या भिंतीच्या चिरेत आहे. छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेशी पाणी तोडणारी खाच असावी लागते. ती नसली किंवा रंगारी लोकांनी लांबीने (पुट्टीने) भरून टाकली, तर पाणी थेंब होऊन कडेवरून न पडता छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत येतं आणि चौकटीच्या माथ्यावरून आत शिरतं. ते काम सोसायटीचं, बाहेरून झुला लावून करायचं. तुम्ही खिडकीवर कितीही खर्च केलात तरी फरक पडणार नाही.

वाऱ्याचा हिशोब

भोकं मोकळी असूनही वादळी पावसात ट्रॅक भरतो, पाण्यात बुडबुडे येतात आणि ते उसळून आत पडतं. हे बघून लोक भोकं मुद्दाम बुजवतात, कारण "भोकातूनच पाणी आत येतंय" असं डोळ्यांना दिसतं. खरं कारण वाऱ्याचा दाब आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाचा वारा खिडकीवर सुमारे 115 पास्कल दाब देतो, म्हणजे जवळपास 12 मिलिमीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. ताशी 60 ला तो 17 मिलिमीटर होतो आणि 80 ला 30. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ट्रॅकमधलं पाणी या उंचीपर्यंत चढल्याशिवाय वाऱ्याविरुद्ध बाहेर पडूच शकत नाही.

आता पट्टी घ्या आणि ट्रॅकच्या तळापासून खोलीकडच्या काठाची उंची मोजा. काठ 30 मिलिमीटरच्या वर असेल तर बहुतेक वादळं निभावतील. 18-20 असेल, आणि समोर अडोसा नसलेला पश्चिम दिशेचा सातवा मजला असेल, तर वर्षातून चार-दोनदा पाणी काठ ओलांडणारच. त्यात कारागिराचा दोष नाही, मुळात निवडलेला सेक्शन, म्हणजे ऍल्युमिनियमच्या पट्टीचा आकार, हलका आहे. पाऊण इंची मालिकेच्या बारीक सेक्शनच्या खिडक्या खालच्या मजल्यांवर ठीक चालतात, पण बिल्डर त्याच बाराव्या मजल्यालाही लावतो.

अशा वेळी काठ वाढवता येतो. खोलीच्या बाजूने ट्रॅकच्या काठाला ऍल्युमिनियमचा एल आकाराचा अँगल असा लावा, की मूळ काठापेक्षा 15 ते 20 मिलिमीटर वर येईल. मागे न्यूट्रल सिलिकॉनची (ते कोणतं, ते पुढे येतंय) सलग रेघ, आणि दर 30 सेंटिमीटरला स्टेनलेस स्क्रू. शटरच्या खटक्याला आणि हँडलला अडत नाही ना, ते आधी धरून बघा. पुढे शटर काढायचं झालं तर हा अँगल काढावा लागेल, म्हणून रिव्हेट नको, स्क्रूच.

आणि वादळ चालू असतानाचा एक बिनखर्ची उपाय: त्या खोलीचं आतलं दार बंद करा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा, पलीकडच्या बाजूच्या खिडक्याही लावून घ्या. दाब असतो तो बाहेर आणि आत यांच्यातल्या फरकाचा. पलीकडची खिडकी उघडी असेल तर घर म्हणजे वाऱ्याचा बोगदा होतो आणि पाणी सोबत ओढलं जातं. दार लावलं की खोलीतला दाब बाहेरच्या जवळ येतो आणि ट्रॅकमधले बुडबुडे तुमच्यासमोर मंदावतात.

भोकं मोकळी करणं आणि नवी पाडणं

शटर काढून ट्रॅक आधी कोरडा झाडा. ओल्या मातीचा लगदा भोकात ढकलला जातो, म्हणून आधी ब्रश आणि व्हॅक्यूम, मग पाणी. भोकं तारेने साफ करा. बाहेरच्या बाजूला बोट फिरवून बघा: सिलिकॉनचा थर, रंग, किंवा ग्रॅनाइटची कडच भोकाच्या वर आलेली आहे का. सिलिकॉन ब्लेडने कापून काढा. ग्रॅनाइट वर आलं असेल तर त्या जागी ग्राइंडरने खाच घेण्यावाचून इलाज नाही.

पुष्कळ खिडक्यांना चार-पाच मिलिमीटरची गोल भोकं असतात. त्यांतून पाणी नीट जात नाही. थेंब पृष्ठताणाने भोकाच्या तोंडाशी पडदा धरून बसतो. भोक लांबट हवं, साधारण 25 मिलिमीटर लांब आणि 6 उंच. सहाच्या ड्रिल बिटने 19 मिलिमीटर अंतरावर दोन भोकं पाडायची, मधला भाग बारीक कानसीने काढायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या. पहिलं भोक कोपऱ्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, पुढची दर 60 सेंटिमीटरला. सहा फुटी खिडकीला तीन ते चार पुरतात. ही भोकं उभ्या भिंतीत, ट्रॅकच्या तळाला लागून पाडायची. तळात मुळीच नाही, नाहीतर पाणी चौकटीच्या पोटात जाईल.

तीन ट्रॅक असतील तर पाण्याला आतल्या पन्हळीतून मधल्या, मधल्यातून बाहेरच्या पन्हळीत जायला प्रत्येक रुळाच्या उभ्या भिंतीतही भोकं लागतात. ती एकासमोर एक नकोत, पाच-सात सेंटिमीटर सरकवून पाडा, म्हणजे वारा सरळ आरपार येत नाही. सगळ्यांत बाहेरच्या भोकांवर प्लास्टिकची झडप असलेली टोपी मिळते. वारा आला की मिटते, पाणी आलं की उघडते. पश्चिमेच्या खिडकीला ती लावावी, पण दर वर्षी धूळ झाडावी लागते.

तळातल्या स्क्रूंसाठी: एकेक स्क्रू काढा, भोक आणि आजूबाजूचा भाग पुसून पूर्ण कोरडा करा, भोकात सिलिकॉन भरा, स्टेनलेस स्क्रू परत पिळा आणि डोक्यावर सिलिकॉनचा छोटा ठिपका द्या. साधा लोखंडी स्क्रू ऍल्युमिनियममध्ये ठेवू नका. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेत दोन धातूंच्या जोडीत आधी स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा जातो, मग स्क्रू गंजतो, भोवतालचं ऍल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं, आणि भोक रुंद होतं. स्टेनलेसमध्ये 304 प्रतीचे स्क्रू चालतात. समुद्र समोरच असेल तर 316. कोपऱ्याच्या सांध्यांनाही आतून बारीक सिलिकॉनची रेघ ओढून बोटाने दाबा.

सिलिकॉन कुठे, कोणतं आणि कसं

सिलिकॉनची खरी जागा एकच: चौकट आणि भिंत किंवा ग्रॅनाइट यांच्यातला सांधा. तिथे बहुतेक ठिकाणी पांढरं सिमेंट भरलेलं असतं आणि ते केसाएवढं तडकलेलं असतं. तडकणारच. सहा फुटी ऍल्युमिनियमची चौकट तापमानात 30 अंशांचा फरक पडला की सुमारे 1.3 मिलिमीटर लांब होते. भिंत साधारण त्याच्या निम्मीच वाढते. दुपारचं ऊन आणि मग एकदम पावसाची सर, हे रोज चालतं. ताणलं न जाणारं काहीही या सांध्यात टिकत नाही.

ट्यूब घेताना "न्यूट्रल" लिहिलेली घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन काचेला उत्तम, पण ते सुकताना आम्ल सोडतं. संगमरवरावर डाग पडतात, सिमेंटच्या पृष्ठभागावरची पकड सुटते. दुकानदार विचारल्याशिवाय तेच देतो, कारण स्वस्त असतं. सांध्यावर पुढे भिंतीचा रंग चढवायचा असेल तर सिलिकॉन नकोच, त्यावर रंग धरत नाही. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा.

जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही. गेल्या वर्षीचा थर तसाच ठेवून वर नवा मारणं म्हणजे पैसे पावसात घालणं. ब्लेडने पूर्ण खरवडा, सैल सिमेंट काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा स्वच्छ फडक्याने. पृष्ठभाग हाडासारखा कोरडा हवा. गंमत अशी की सिलिकॉन सुकतं हवेतल्या दमटपणावरच, त्यामुळे हवा दमट असली तर बिघडत नाही, भिंत ओली असली तर सगळं बिघडतं. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यातच करणं भाग असेल तर किमान तीन-चार कोरडे दिवस बघा.

सांधा 10 मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा फार खोल असेल तर आधी फोमची दोरी दाबून बसवा, फटीच्या रुंदीपेक्षा पाव पटीने जास्त जाड. तिच्यामुळे सिलिकॉन मागच्या बाजूला चिकटत नाही, फक्त दोन कडांना धरतं आणि रबरासारखं ताणू शकतं. खोली रुंदीच्या निम्मी ठेवा. सहा बाय सहा मिलिमीटरच्या रेघेला 280 मिलिलिटरची एक ट्यूब साडेसात मीटरच्या आसपास पुरते, म्हणजे सहा बाय चार फुटी खिडकीचा एक पूर्ण फेरा होऊन थोडी उरते. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नळीचं तोंड तिरकं कापलेलं, एका दमात रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवणी, आणि वरची साय धरायच्या आत टेप काढायची. दहा-पंधरा मिनिटांत साय धरते. आतून मात्र दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पक्कं होतं, तेव्हा दोन दिवस पाणी लागू देऊ नका.

खालच्या सांध्यावर रेघ ओढताना ट्रॅकच्या भोकांवर टेपचे तुकडे आधीच लावा. तुमच्या खिडकीचं गेल्या वर्षी जे झालं ते इथेच झालं असणार.

बाहेरच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्याचा ढाळही बघा. दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला उतार हवा. गोटी ठेवली आणि ती खिडकीकडे आली तर कट्टा उलटा बसलाय. तो दगड काढून परत बसवणं हाच उपाय आहे. वर सिमेंटचा पातळ थर देऊन ढाळ काढतात, तो पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

शटर जड का झालं

काचेचं वजन लोकांना कमी वाटतं. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेला अडीच किलो. चार फूट उंच, तीन फूट रुंद शटरमध्ये पाच मिलिमीटरची काच असेल तर नुसती काचच चौदा किलोच्या आसपास, वर ऍल्युमिनियम. हे सगळं खालच्या दोन छोट्या चाकांवर. चाक नायलॉनचं असेल तर उभ्या वजनाने एका बाजूला चपटं होतं, मग फिरायच्या ऐवजी घासत जातं.

ढकलण्याआधी तेल सोडायची सवय मोडा. खोबरेल तर अजिबात नको; 24 अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणजे पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात चाकातच लोणी तयार. ग्रीसला धूळ चिकटून सहाणेवर उगाळल्यासारखी पेस्ट होते. ट्रॅक साफ करून रुळावर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा, एवढं पुरे. तरी जड जात असेल तर चाक बदलायचं.

शटर नेहमी आतल्या बाजूलाच काढायचं, दोन माणसांनी. ट्रॅकच्या वरच्या बाजूला शटर उचलू न देणारा छोटा ठोकळा किंवा स्क्रू असतो, तो आधी काढा. आतलं शटर पहिलं. वर पूर्ण उचला, तळ ट्रॅकबाहेर आला की खोलीकडे ओढा, मग खाली उतरवा. जाड चादरीवर उलटं, खालची बाजू वर करून ठेवा. खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांशी चाकाची डबी एक-दोन स्क्रूंनी धरलेली असते. खालची पट्टी आणि उभी पट्टी जोडणारा स्क्रू काढल्याशिवाय काही खिडक्यांत ती निघत नाही. अशा वेळी काच हलू नये म्हणून उभी पट्टी पूर्ण ओढू नका, डबी सुटेल एवढीच सरकवा.

जुनी डबी दुकानात घेऊन जा. मोजमाप सांगून आणलेली डबी बसत नाही, मालिकेगणिक रुंदी आणि चाकाची खोबण वेगळी असते. शटरची दोन्ही चाकं एकदम बदला, स्टेनलेस बेअरिंगची घ्या. एक नवं आणि एक झिजलेलं ठेवलं तर शटर तिरकं चालतं. डबीला उंचीचा स्क्रू असेल तर बसवल्यावर तो फिरवून शटर उभ्या चौकटीशी समांतर आणा: खटका आपोआप समोरासमोर येतो. खटका लागत नाही म्हणून कुलूप बदलायला निघालेल्यांपैकी पुष्कळांचा दोष इथेच असतो. चाकं झिजून शटर दोन-तीन मिलिमीटर खाली बसलेलं असतं.

रूळच झिजून दातेरी झाला असेल तर त्यावर चढवायची स्टेनलेसची पातळ टोपीपट्टी मिळते. ती न लावता नवं स्टीलचं चाक दातेरी रुळावर चालवलं तर महिन्यात पुन्हा तीच खरखर.

दोन्ही टोकांना नीट सरकतं आणि मधेच अडकतं, असं असेल तर चाकांना हात लावू नका. वरच्या आणि खालच्या ट्रॅकमधलं अंतर तीन जागी मोजा. मधे तीन-चार मिलिमीटर कमी भरलं तर वरची चौकट दबलीय. वरच्या फटीत गच्च ठोकलेलं सिमेंट किंवा भरपूर फुगलेला पीयू फोम हे नेहमीचं कारण. तो भराव कापून मोकळा केला की पट्टी बऱ्याचदा स्वतःहून वर जाते.

परत बसवताना शटरचा क्रम चुकवू नका. मधोमध जिथे दोन शटर एकमेकांवर येतात तिथे दोघांना आकड्यासारखी कड असते, ती एकमेकीत अडकायला हवी. आतलं शटर बाहेरच्या ट्रॅकवर गेलं की आकडे पाठीला पाठ लावतात आणि मधे बोटभर फट राहते. दिवाळीच्या साफसफाईनंतर "खिडकी अचानक गळायला लागली" असं झालं तर पहिली शंका हीच घ्यावी.

शटरच्या खाचेतली केसाळ पट्टी, जिला दुकानात वूल पाइल म्हणतात, तीही याच वेळी बदला. दबलेल्या केसांतून वारा, धूळ आणि आवाज तिन्ही येतात. जुनी ओढून काढा, तळाची रुंदी आणि केसांची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, आणि तेवढीच उंची आणा. जास्त उंच घेतली तर शटर पुन्हा जड.

जाळी

फायबरची जाळी शटर आडवं टाकून अर्ध्या तासात बदलता येते. खाचेतला रबराचा गोफ टोकदार पेचकसाने उचकटा. तो ताठ आणि तडकलेला असेल तर टाकून द्या. तुकडा नेऊन त्याच जाडीचा आणा, चार बाय दोन फुटांच्या शटरला सव्वाबारा फूट धरा. जाळी चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त कापा. आधी एक लांब बाजू, मग समोरची, मग दोन आखूड. चाकाच्या हत्याराने दाबत जा, कोपऱ्यात पेचकसाने. फार ताणू नका. ताणलेल्या जाळीने शटरच्या लांब पट्ट्या मधे आत ओढल्या जातात आणि शटर डमरूसारखं दिसतं. उरलेली जाळी गोफाच्या बाहेरच्या कडेने कापा, आतल्या कडेने ब्लेड चालवलं तर सगळी मेहनत गेली. खार किंवा उंदीर कुरतडत असतील तर स्टेनलेसची जाळी घ्या.

गावच्या सागवानी खिडक्या

झडप जुलैत लागत नाही म्हणून जुलैत रंधा मारू नका. लाकूड दमट हवेत आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळपास नाही. झडपेच्या दोन उभ्या पट्ट्या मिळून 20 सेंटिमीटर असतील तर उन्हाळा ते पावसाळा एवढ्यात मिळून दीड-दोन मिलिमीटर वाढतात. पावसात तासलेली खिडकी जानेवारीत खुळखुळते आणि कडी कोयंड्यात बसत नाही. सध्यापुरतं घासणाऱ्या कडेला मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळा. कुठे घासतंय ते खडू लावून बघा: चौकटीला खडू फासा, झडप लावा-उघडा, जिथे खडू उमटला तेवढ्याच जागी पेन्सिलची खूण करून ठेवा. नोव्हेंबरनंतर लाकूड सुकलं की त्या खुणेवर तासा, बंद झडपेभोवती दोन-अडीच मिलिमीटर फट राहील इतकं.

तासण्याआधी बिजागऱ्या मात्र तपासा. झडप वरच्या बिजागरीपासून सुटून खाली झुकली असेल तर ती फुगलेली नाही, लोंबलेली आहे; खालचा कोपरा घासतो आणि वर पाचर आकाराची फट दिसते. ढिला स्क्रू तिथेच जाडा मारून उपयोग नाही. भोक 8 मिलिमीटरने मोठं करा, सागवानाची खुंटी जलरोधक फेविकॉल लावून ठोका, एक दिवस सुकू द्या, खुंटी सपाट कापा, अडीच-तीन मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक पाडून 8 नंबरचा सव्वा इंची स्क्रू पिळा. काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू मारायची पद्धत एका पावसाळ्यापुरती चालते.

आणि झडपेच्या वरच्या व खालच्या कडा बघा. दहापैकी नऊ खिडक्यांना तिथे रंगाचा थेंब लागलेला नसतो, कारण बसवलेल्या झडपेला ब्रश तिथे पोचत नाही. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच उघडी असतात आणि लाकूड टोकाकडून पाणी स्पंजासारखं पितं. उन्हाळ्यात झडप उतरवा, टोकं कोरडी असताना प्रायमरचा एक आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. एवढ्याने पुढच्या पावसाळ्यातली अर्धी कटकट जाते. खालच्या पट्टीत पेचकस सहज रुतत असेल तर लाकूड कुजलंय. तेवढा तुकडा नव्या सागवानाने बदला, वर लांबी भरून रंगवू नका, आत कुजणं चालूच राहतं.

काच लांबीत बसवलेली असेल आणि लांबी तडकून सुटली असेल, तर खडूची भुकटी आणि अळशीचं तेल मळून केलेली लांबीच परत भरा. आधी लाकडाच्या खाचेला प्रायमर द्या, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि ती पुन्हा तडकते. रंग द्यायला पंधरा दिवस थांबा. नवी काच कापून आणताना खाचेच्या मापातून दोन्ही दिशांना तीन मिलिमीटर कमी सांगा. टफन केलेली (तापवून कडक केलेली) काच असेल तर माप दोनदा तपासा, ती नंतर कापताच येत नाही.

जुन्या इमारतींतल्या लोखंडी झेड सेक्शनच्या (इंग्रजी झेड आकाराच्या पट्टीच्या) खिडक्यांना काच कोपऱ्यात आपोआप तडकली, तर कोणी दगड मारलेला नसतो. काचेखालचं लोखंड गंजून फुगलेलं असतं, गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काचेला दाबतो. नुसती काच बदलली तर नवीही वर्ष-दोन वर्षांत त्याच कोपऱ्यात जाते. खाच तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा, त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर द्या, मगच काच. घासून रात्रभर तसंच ठेवलं तर दमट हवेत सकाळपर्यंत पुन्हा तांबूस थर आलेला असतो आणि घासणं पहिल्यापासून करावं लागतं.